राणीचा पुढचा डावा पाय

मला एका जागी बसवत नाही. हा लेखही मी डोंबिवलीच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहिते आहे. दोन ओळी झाल्या की गॅलरीत जाते, परत येते, त्यातली एक खोडते. मुलगी म्हणते, "आई, तू अगदी घोड्यासारखी झालीयेस, पाय ठरत नाही तुझा." ती चिडून म्हणते, पण मला त्याचं वाईट वाटत नाही. आयुष्यभर मी घोडेच केले.

म्हणजे घडवले. बहुतेक फायबरचे, काही ब्राँझचे. विठ्ठलवाडी स्टेशनापासून थोडं आत माझी पत्र्याची शेड होती, गेल्या वर्षापर्यंत. चौकातल्या पुतळ्यावरचा माणूस करायला मोठमोठे शिल्पकार असतात. त्या माणसाखालचा घोडा मात्र पुष्कळदा माझ्याकडे यायचा. उद्घाटनाला हार वरच्याला, भाषण वरच्यावर. मी गर्दीत मागे उभी राहून घोड्याचे गुडघे बघायची.

घोडा सगळ्यांना माहीत असतो आणि कुणालाच माहीत नसतो. कुणालाही घोडा काढायला सांगा, तो मागच्या पायाला आपल्यासारखा गुडघा काढतो आणि मग हा गुडघा उलटा का वळला म्हणून गोंधळतो. तो गुडघा नसतोच, ती टाच असते. खरा गुडघा वर, पोटाला लागून, कातडीत लपलेला. म्हणजे घोडा जन्मभर चवड्यांवर उभा असतो. हे एकदा कळलं की त्याच्याकडे बघताना आपल्याच पोटऱ्या दुखायला लागतात. दुसरी गोष्ट, घोडा कधीच पूर्ण स्थिर नसतो. आपल्याला वाटतं उभा आहे. पण एक कान मागे फिरतो, खांद्याची कातडी माशी नसतानाही थरथरते, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जातं. पुतळा स्थिर आणि घोडा अस्थिर. या दोघांची गाठ घालून देणं हा आमचा धंदा. लोखंडाचा सांगाडा, त्यावर माती, मातीचा साचा, साच्यातून फायबर, हे सगळं कुणालाही शिकवता येतं. ती चुळबुळ कुठे ठेवायची, हे शिकवता येत नाही.

गिऱ्हाइकांना चुळबुळ नको असायची. एका जिमवाल्याला दारात घोडा हवा होता, त्याच्या पोटावर सिक्स पॅकसकट. मी म्हटलं, "अहो, घोड्याला तिथे आतडी असतात." तो म्हणाला, "मॅडम, आमच्या मेंबरनापण असतात. तुम्ही करा." केला. मुरबाड रोडच्या एका रिसॉर्टवाल्यांना हसरा घोडा हवा होता, मुलं फोटो काढतात म्हणून. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका साहेबांना पुढचे दोन्ही पाय उधळलेला हवा होता, "आम्ही पुढे चाललोय हे दिसलं पाहिजे." मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा पुढे जाऊच शकत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते राजकीय विधान वाटलं.

म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मंगेश नाखवा शेडवर आला आणि म्हणाला, "मॅडम, मला खराखुरा घोडा पाहिजे," तेव्हा मी हातातली पटाशी खाली ठेवली.

मंगेश ठाण्याच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातला. वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी पाणीखात्यात, घरची होडी अजून चालू. वाड्यातल्या खंडोबाच्या देवळाची जबाबदारी नुकतीच त्याच्याकडे आलेली. चंपाषष्ठीला त्यांच्या देवाची मिरवणूक निघते. चाकांच्या गाड्यावर लाकडी घोडा, घोड्यावर देव. आधीच्या वर्षी मिरवणुकीतच घोड्याचा पाय मोडला. आतून वाळवीने पार पोखरलेला. पोरांनी देवाला वरच्यावर झेललं म्हणून वाचलं.

त्याने मोबाइलवर जुन्या घोड्याचा फोटो दाखवला. वाड्यातल्या होड्या बांधणाऱ्या सुताराने कधीकाळी केलेला. पोट तर थेट होडीचं, पाय पलंगाच्या खुरांसारखे, डोळे बांगडीएवढे आणि तोंडावर काहीतरी गोड खाल्ल्याचा भाव. मला तो आवडला.

"हा कुठे आहे आता?" मी विचारलं.

"खाडीत सोडला. मोडलेली देवाची वस्तू घरात नाय ठेवत. मॅडम, बुजुर्ग लोक म्हणतात तसाच परत करा. मी भांडलोय सगळ्यांशी. म्हटलं, आता जमाना कुठला आहे! असा करा की माणसाने हात लावायला जावं आणि लाथ मारेल म्हणून मागे घ्यावा."

असं वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते!

मॉडेल म्हणून मी कल्याणच्या रफिकभाईंची राणी निवडली. रफिकभाई लग्नाच्या वरातींना घोडे देतात. वडील टांगा चालवायचे, टांगे गेले, तबेला राहिला. राणी पांढरी. पांढरे घोडे बहुतेक जन्मतः काळसर असतात, वयाबरोबर पांढरे होत जातात. केस पांढरे झाले तरी कातडी काळीच राहते, म्हणून नाकपुड्या आणि डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या दिसतात. पावसाळ्यात लग्नं नसतात, राणी मोकळीच होती. मी श्रावण-भाद्रपद तिच्यासमोर स्टूल टाकून बसायची. मी रेष ओढायला घेतली की तिने हललंच पाहिजे. "रफिकभाई, जरा धरा ना हिला," हे माझं पालुपद. ते लगाम धरून उभे राहायचे आणि मला घोड्यांच्या स्वभावाच्या गोष्टी सांगायचे.

"ही ना ताई, नखरेवाली आहे. बघा कशी उभी राहते. हिरॉइन."

राणी पुढचा डावा पाय जरासा पुढे टाकून उभी राहायची, त्याच्यावर वजन न देता. मला ती ढब फार आवडली. आता निघेल की मग निघेल अशी. मी तीच उचलली. मान किंचित उजवीकडे, एक कान मागे, उजवा खांदा भाराने फुगलेला, डावा सैल. मानेवरच्या शिरा, घोट्यावरचे जुने ओरखडे, नाकाशेजारचे लांब केस. डोळे काचेचे बनवून घेतले, आतली बाहुली आडवी, घोड्याची असते तशी. रंगाचा शेवटचा हात दिला तेव्हा आमचा वेल्डर लांबूनच म्हणाला, "बाई, ह्याला आता चारा घालायला लागेल."

टेम्पोतून नेताना ताडपत्री फक्त मागून बांधली होती. माजिवड्याच्या सिग्नलला गाडी थांबली, तर स्कूटरवरची एक मुलगी ड्रायव्हरवर ओरडायला लागली, "शरम नाही वाटत? असं उन्हात बांधून नेतात जनावराला?" ट्रॅफिक हवालदार आला, चढून बघून गेला, त्याने घोड्याच्या नाकाला बोट लावलं आणि हसत हसत उतरला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. इतकी खूश मी कुठल्याच बक्षिसाने झाले नव्हते.

कोळीवाड्यात घोडा देवळापुढे उतरवला. पोरं धावत आली ती चार हात लांबच थांबली. मंगेशचा चेहरा फुलला. मग त्याची आई पुढे आली, चांगुणाबाय. सत्तरीच्या पुढची, साडीचा काष्टा घट्ट, अंबाड्यात अबोली. वाड्यातल्या बायका कुठलीही गोष्ट तिच्या तोंडाकडे बघून ठरवतात, हे मला दोन मिनिटांत कळलं. तिने घोड्याला एक पूर्ण फेरी मारली. मानेखाली थांबली. मग मला विचारलं,

"कोनाचा गो ह्यो घोरा?"

"तुमच्या देवाचा," मी म्हटलं.

"नाय. ह्यो कोनाचातरी हाय. ह्याला नाव हाय."

मी हसून सांगून टाकलं की कल्याणच्या एका घोडीवरून केलाय, तिचं नाव राणी. बायकांत कुजबुज झाली. मंगेशने डोळे मिटून घेतले. चांगुणाबाय मात्र घोडी म्हटल्यावर बिथरली नाही. ती त्या पुढे टाकलेल्या पायाकडेच बघत होती.

"पाय दुखतंय तिचा," ती म्हणाली. "माशांची पाटी डोक्यावर घेऊन गुडघा धरला ना, मी अशीच उभी ऱ्हायची. आन् ह्या जनावरावर देव बसवायचा? गावभर फिरवायचा? मी नाय ओवालनार."

मग जे सुरू झालं ते तीन-चार तास चाललं. तरुण पोरं घोड्याबरोबर फोटो काढत होती आणि म्हणत होती, एक नंबर झालाय. म्हातारे मंगेशला सुनावत होते. कुणी म्हणालं डोळे मोठे रंगवा, कुणी म्हणालं शिरा बुजवा, कुणी म्हणालं नाक पांढरं करा. मिरवणूक आठवड्यावर आलेली, जुना घोडा खाडीत गेलेला. मंगेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, थोडं कायतरी करा ना. माझी इज्जत गेली इथे. नुसते डोळे मोठे करा."

"मंगेश, तूच म्हणालास ना खराखुरा?"

"हो, मी म्हणालेलो. आता मीच म्हणतोय."

मी नाही म्हटलं. चांगलंच तोडून म्हटलं. घरी आले आणि त्या संध्याकाळी गॅलरी ते दार, दार ते गॅलरी अशा किती येरझाऱ्या घातल्या सांगता येत नाही. मुलीने चहा दिला तो तसाच गार झाला. शिरा बुजवा म्हणे! ज्या घोड्याला बघून रस्त्यावरची मुलगी भांडायला उठते, त्याला यांनी नापास केलं. मी मनातल्या मनात चांगुणाबायशी भांडत होते. दुखतंय कसं? हा विसावा आहे. घोडे असे उभे राहतातच.

आणि तिथे मी थांबले. राहतात का?

मागचा पाय घोडे आळीपाळीने सैल सोडतात, हे मला पाठ होतं. आराम असतो तो. पण पुढचा? मी राणीचे सगळे फोटो बाहेर काढले, सगळी स्केचेस जमिनीवर पसरली. सकाळची, दुपारची, ऊन असलेली, पावसातली. प्रत्येकात डावाच पाय पुढे. एकातही उजवा नाही. पहिल्या दिवसाच्या पहिल्या घाईतल्या रेघांमध्येसुद्धा तेच. डाव्या खांद्याचा स्नायू उजव्यापेक्षा बारीक दिसतो, हे मीच कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं आणि तसाच तो मातीत उतरवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कल्याणला गेले. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, वरातींचा हंगाम सुरू झालेला. राणीला झूल चढवणं चाललं होतं. मी रफिकभाईंना सांगितलं, हिच्या पायाला काहीतरी आहे, डॉक्टर बोलवा.

"ताई, ती तशीच उभी राहते. लहानपणापासूनची सवय आहे."

"लहानपणापासून? नीट आठवा."

त्यांनी झुलीचा पट्टा ओढला. मग एकदम भडकले. "तुम्ही मूर्ती बनवायला आलेल्या की माझा धंदा बंद करायला? सीझन आत्ताच चालू झालाय. चालतेय ना ती? नाचतेय ना बँडवर? लंगडत असती तर मला दिसलं नसतं? माझ्या बापाने घोडे सांभाळलेत, मी घोड्यांमध्येच मोठा झालोय!"

"रफिकभाई, तुम्ही रोज बघता म्हणून दिसत नाही. मीही रोज बघतच होते."

त्यांनी झुलीचं बक्कल लावलं. सोडलं. परत लावलं. मग तबेल्यातल्या दुसऱ्या, तरुण घोड्यावर ती झूल टाकली आणि माझ्याकडे न बघता डॉक्टरांना फोन लावला.

ठाण्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी मोठ्या चिमट्यासारख्या हत्याराने खूर सगळीकडून दाबून पाहिला. एका जागी राणीने पाय असा हिसडला की डॉक्टर मागे पडता पडता राहिले. नाल काढली, तिथे सुरीने कोरलं, आणि काळा, घाण वासाचा पू बाहेर आला. कधीतरी नालेचा खिळा आतल्या जिवंत भागाला लागून गेलेला, वर तबेल्यातली पावसाळ्यातली ओल. आतल्या आत कित्येक महिने ते पिकत होतं, मधे दबत होतं, पुन्हा पिकत होतं. रफिकभाई राणीचं डोकं छातीशी धरून उभे होते आणि तिच्या कानात पुटपुटत होते, "बोली क्यूँ नहीं तू? हं? बोली क्यूँ नहीं?"

डॉक्टर म्हणाले, वाचेल, पण खूर नव्याने वाढेपर्यंत डांबरी रस्त्यावर नाही. म्हणजे हा हंगाम गेलाच, कदाचित पुढचाही.

परतताना मी मंगेशला फोन केला. "डोळे नाही बदलणार. नाकही नाही. पाय बदलते."

एका पायाची गोष्ट बाहेरच्या माणसाला सोपी वाटेल. कापायचा, दुसरा जोडायचा. पण घोड्याचा एक पाय जमिनीवर नीट टेकला की त्याचा सगळा देह बदलतो. खांदा वर येतो, मान सरकते, पाठीची रेष वेगळी होते, मागच्या पायांवरचा भार बदलतो. खरं म्हणजे नवा घोडाच करायला हवा होता आणि तेवढे दिवस हातात नव्हते. तरी मी गेले. दुखणारा पाय देवाखाली कायमचा कसा ठेवायचा?

वेल्डरला घेऊन देवळाच्या अंगणातच काम मांडलं. खांद्याखाली करवत लावली, तेव्हा बघायला जमलेल्या बायकांनी तोंडं फिरवली. चांगुणाबाय फक्त पाटावर बसून राहिली, म्हणाली, "हलू गो बाय, हलू." कापायचं ते फायबर, आत लोखंडी सळी, त्यात दुखण्यासारखं काही नाही, हे मला माहीत होतं. तरी माझा हात हळू झाला. सळी कापून, सरळ करून पुन्हा जोडली, नवा पाय बसवला. खूर पूर्ण टेकलेला. डावा खांदा जमेल तेवढा भरून घेतला. हे सगळं होईपर्यंत चांगुणाबाय उठली नाही. मधे तिने मला सुकट-भाकरी आणून दिली, माझं खाणं संपेपर्यंत समोर बसली आणि विचारलं, "त्या घोरीचं काय झालं?" मी सगळं सांगितलं. पू निघाला म्हटल्यावर तिने दोन्ही हात जोडले, देवळाकडे नाही, असेच, हवेत.

चंपाषष्ठीला देव घोड्यावर बसला. सगळ्यांत आधी ओवाळलं ते चांगुणाबायने, आधी घोड्याला, मग देवाला. भंडाऱ्याने सगळं पिवळं झालं, मी काळजीने रंगवलेल्या काळ्या नाकासकट. मंगेश ढोलाच्या तालावर नाचत येऊन माझ्या पाया पडला. सगळे खूश होते.

मी गाड्याच्या बाजूने चालत होते आणि माझी नजर त्या डाव्या खांद्यावरून हटत नव्हती. चुकला होता तो. पाय भार घेतोय आणि खांद्याला त्याची खबरच नाही. मानही अजून जुन्याच दुखण्याला सांभाळून वळलेली. आयुष्यातला माझा सगळ्यात खरा घोडा मी स्वतःच्या हाताने खोटा केला होता आणि तो त्या गल्लीतल्या प्रत्येकाला पहिल्यापेक्षा खरा वाटत होता. हे कुणाला सांगणार? सांगितलं असतं तरी ढोलात ऐकू आलं नसतं. त्यानंतर शेड सोडेपर्यंत कितीतरी जण "तसाच घोडा" मागायला आले. मी एकालाही हो म्हटलं नाही. लोकांना वाटलं, बाईंना आता वयाने जमत नाही.

तो खांदा मला अजून स्वस्थ बसू देत नाही. मंगेशला मी सांगून ठेवलंय, एक दिवस येऊन तो नीट करणार. तो म्हणतो, "मॅडम, काय वाईट आहे त्यात? सोडा ना." सुटत नाही.

राणीला रफिकभाईंनी खडवलीला बहिणीच्या शेतावर ठेवलीय. नदीच्या अलीकडे मऊ जमीन आहे, डांबर नाही. या पावसाळ्याआधी मी तिथे गेले, घडीचं स्टूल आणि स्केचबुक घेऊन. मला चारी पायांवर नीट उभी असलेली राणी हवी होती. खांदा बघायचा होता. रफिकभाईही त्या दिवशी आलेले होते. राणी अंगाने भरली होती. दोन-तीन रेघा ओढल्या की ती गवताच्या पुढच्या झुबक्याकडे सरकायची. पान उलटायचं, पुन्हा मानेपासून सुरुवात. असं किती वेळ चाललं.

"ताई, धरू का हिला?" रफिकभाईंनी विचारलं. त्यांनी दोरी हातात घेतलीही होती.

राणी उतारावरून नदीकडे निघाली होती. डावा पाय टाकत होती, त्यावर पूर्ण रेलत होती, आणि दर पावलाला खांदा कातडीखालून वर येऊन पुढे सरकत होता. उभ्या घोडीत तो मला कधीच दिसला नसता.

"नको," मी म्हटलं. "जाऊ दे तिला."

मी स्टूल तिथेच टाकलं, वही कोपरावर धरली आणि तिच्या मागून उतारावरून चालायला लागले. चालता चालता जमतील तशा रेघा ओढत होते.